मांजरपाटातलं पार्सल

सकाळी पोस्टात वाटपाच्या बीटचं टपाल लावताना जयवंत घाडीगावकरच्या हाताला मांजरपाट लागला आणि आधी त्याला बरंच वाटलं. बँकांची खिडकीवाली पाकिटं, चकचकीत प्लास्टिकच्या पिशव्यांतल्या चपला नि मोबाईलची कव्हरं, कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या नोटिसा, आणि ह्या सगळ्या ढिगाखाली एक पांढरा, खरखरीत, हाताने शिवलेला कोपरा. आहे म्हणायचं अजून कुणीतरी जुन्या वळणाचं. नाहीतर आजकाल पार्सल कापडात शिवून पाठवतो कोण? चिकटपट्टी मारली की झालं काम. त्याने ते कौतुकाने ओढून घेतलं, आणि अर्धं बाहेर आल्यावर त्याला टाके दिसले. बारीक, तिरपे, एकाला एक खेटून घातलेले, कोपऱ्यावर वळताना दोनदा मारलेले. हे टाके सुलक्षणाचे होते. त्याच्या बायकोला जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. पार्सल त्याचंच होतं, त्यानेच दादरच्या एका प्रकाशकाला पाठवलेलं. आता पत्त्यावर लाल रेघ, खाली 'घेण्यास नकार' असं खरडलेलं, आणि बाण काढून पाठवणाऱ्याकडे वळवलेलं. पाठवणारा राहतो कुठे, तर मिठागर रोड, मुलुंड पूर्व. ते बीट खरं म्हणजे निलेशचं, दुसऱ्या एका तरुण पोस्टमनचं. पण निलेश गावी जत्रेला गेला होता, म्हणून त्याचं बीट तेवढ्यापुरतं जयवंतच्या गळ्यात पडलं होतं. सगळी नोकरी संपत आली, उन्हाळा उलटला की निवृत्ती, आणि स्वतःच्या नावचं टपाल स्वतःच स्वतःला नेऊन द्यायची पाळी त्याच्यावर आज पहिल्यांदा आली. त्याने फोन पार्सलच्या पट्टीवर धरला. फोन टुक करून वाजला आणि पडद्यावर त्याचं नाव आलं, बाकी सगळ्यांची येतात तसंच.

त्याने पार्सल उलटं केलं. लाखेच्या मोहरा जशाच्या तशा होत्या. जुन्या खाकी युनिफॉर्मचं पितळी बटण दाबून त्यानेच त्या उमटवल्या होत्या. एकीलाही तडा गेलेला नव्हता. म्हणजे वाचून नाकारलं नव्हतं. फार लांबलंय, भाषा रटाळ आहे, असं काही कुणी म्हटलंच नव्हतं. दारातल्या शिपायाने बघितलं असेल आणि नको, परत न्या, म्हटलं असेल. तिथल्या पोस्टमनची त्याला चीड आली नाही. तो बिचारा करणार काय? घेणारा सही देत नाही म्हटल्यावर लाल रेघ मारायची, हे जयवंतनेही जन्मभर केलं होतं. अक्षताने, त्याच्या मुलीने, पुस्तक पाठवायचं निघालं तेव्हाच सांगितलं होतं, "बाबा, आधी फोन करा ना त्यांना. नाहीतर मेल टाका. असं डायरेक्ट कोण पाठवतं?" ह्याने ऐकलं नाही. ह्याचा आपला पोस्टमनचा हिशेब: पत्ता बरोबर, तिकिटं पुरेशी, बांधणी पक्की, मग वस्तू पोचणारच, नाही पोचली तर पोस्ट कशाला म्हणायचं? पण पोचल्यावर समोर घेणारा लागतो. एवढी साधी गोष्ट जन्मभर लोकांच्या दारांत उभं राहिलेल्या माणसाला कळू नये म्हणजे कमालच झाली. बाजूच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "काय घाडीगावकर, ब्रेक लागला का?" त्याने पार्सल पिशवीत सगळ्यात तळाला घातलं आणि वर दुसऱ्यांचं टपाल भरलं.

आत त्याचं पुस्तक होतं. तो पुस्तक म्हणायचा, घरात त्याला पोस्टपुराण म्हणत. ठाण्यापासून शीवपर्यंतच्या ह्या पट्ट्यात टपाल कसकसं फिरलं त्याचा इतिहास. भाल्याला घुंगरू बांधून पळणारे डाकवाले, खाडीला भरती असली की काठावर ताटकळत बसणारे. मग बैलगाड्या, मग आगगाडीचा डबा. मग मुलुंड, भांडुप, घाटकोपर ही ठाण्याकडची गावं हळूहळू मुंबईची झाली तेव्हा गोल शिक्क्यावरची अक्षरं कशी बदलत गेली. कुणाला हवंय हो हे? कुणालाच नकोय, हे त्यालाही ठाऊक होतं. पण वेड लागलं ते लागलं. ते लागलं गावी, मालवणकडे, वडिलांच्या कार्डांवरून. वडील परळला गिरणीत. महिन्याला एक कार्ड यायचं, त्यात चारच ओळी, मी बरा आहे, तुम्ही बरे असाल, भात कसा आहे, पोराला शाळेत पाठवा. एकदा वाचलं की संपलं. जयवंत मग शिक्के वाचायचा. शिक्क्यावरची अक्षरं गोलात असतात, म्हणून कार्ड हातात धरून फिरवत राहायचं, एक अक्षर लागलं की त्याच्या शेजारचं. आई खेकसायची, "मेल्या, कार्ड भवऱ्यासारख्या फिरवतंस कित्याक?" पण त्यातूनच तो वाचायला शिकला, इतका की शाळेत पाटी हातात आली तर तीही फिरवून बघायचा आणि गुरुजींचा मार खायचा. कार्डावर दोन शिक्के असत, एक निघाल्याचा, एक पोचल्याचा. त्या दोन शिक्क्यांच्या मधे वडील होते, परळची खोली होती, घाट होता, कुणाकुणाचे हात होते, आणि त्यातलं काहीच कार्डावर लिहिलेलं नसायचं. ते मधलं सगळं कुणीतरी लिहायला पाहिजे, असं त्याला तेव्हापासून वाटत आलं. वडिलांचा चेहरा आता त्याला नीट आठवत नाही. परळचा शिक्का आठवतो.

पहिल्या इमारतीचे जिने चढता-उतरता, पाकिटं सरकवता, फोनवर लोकांच्या बोटाने सह्या घेता घेता त्याच्या डोक्यात तेच चाललं होतं, आणि पिशवीचा तळ खांद्याला ओढ देत होता. घरात टेबल एकच होतं, सुलक्षणाचं शिलाईचं मशीन. दिवसभर ती त्यावर आजूबाजूच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. संध्याकाळी मशीनचं डोकं आत ढकललं आणि वर फळी टाकली की ते जयवंतचं टेबल व्हायचं. फळीवर दोऱ्याचे तुकडे, कागदांत टाचण्या. एकदा तर खाडीवरच्या होड्यांबद्दल लिहिलेल्या पानामागे कुणाच्या तरी बाहीचं माप खडूने लिहिलेलं. लिहून झालं की तो वाचून दाखवायचा. ती हूक लावत किंवा फॉल मारत बसलेली, ओठांत टाचण्या धरलेल्या, आणि 'हं' म्हणायची. चांगल्या वाक्याला हं, पडेल वाक्याला हं. एकदा त्याने मुद्दाम मधेच घुसडलं, "आणि मग त्या डाकवाल्याने पिशवी टाकून देऊन घाटकोपरला भज्यांची गाडी लावली." "हं," ती म्हणाली. तो असा भडकला की विचारू नका. कागद आपटले, जेवला नाही, दोन दिवस अबोला. शेवटी तीच म्हणाली, "ऐकत होते की मी. माझी हुकं लावायची पडलीत, मी काय टाळ्या वाजवत बसू?" खरंच ऐकत होती का? हे त्याला आजतागायत कळलेलं नाही, आणि आता विचारणार कुणाला? ती गेल्यावर तो दोनचारदा फळी टाकून बसला. दोन ओळी लिहायच्या, तोंडाने पुटपुटायच्या आणि आपोआप थांबायचं. ती हं म्हणेल एवढी जागा सोडायची. मग लक्षात यायचं आणि पुढे लिहवायचं नाही. एवढ्याशा हुंकाराची इतकी ओढ लागेल असं जर त्याला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर त्याने ते हसण्यावारी नेलं असतं.

पार्सल शिवलं तेही तिच्याच हट्टाने. "किती वर्षं लिहिणार अजून? पोरगी नोकरीला लागली तुमची, पुस्तक आपलं तिथंच." त्याचं दर वेळी एक काहीतरी राहिलेलं असायचं, एखादा शिक्का, एखाद्या पोस्टाची जुनी जागा. एका दुपारी, अक्षता ऑफिसला गेलेली, सुलक्षणाने त्याच्या हातातून गठ्ठाच ओढून घेतला. वर्तमानपत्रात गुंडाळला, उशांच्या अभ्र्यांतून उरलेला मांजरपाट मापाने कापला आणि जमिनीवर मांडी घालून शिवायला बसली. मशीनवर नाही, हाताने, दुहेरी दोरा घेऊन. "आता उघडायचं नाही. उघडलंत तर परत शिवून मिळणार नाही, सांगून ठेवते." त्याने मेणबत्तीवर लाख वितळवली, बटण दाबताना बोट भाजून घेतलं, आणि ती खदखदून हसली. इतकी हसली की टाचण्या तोंडातून काढून ठेवाव्या लागल्या. पुस्तकाची दुसरी प्रत नव्हती. अक्षता कितीदा म्हणाली, बाबा, झेरॉक्स काढा, नाहीतर मी फोटो मारते, आणि हा करू करू म्हणत राहिला. शिवून झाल्यावर चार दिवसांनी त्याला आठवलं की भांडुपबद्दलची एक गोष्ट घालायची राहिली. उघडू म्हणायची छाती झाली नाही, आणि ती गोष्ट राहिली म्हणून पाठवायचंही होईना. पार्सल कपाटावर, बोचक्यांच्या मागे गेलं. मग पोटात दुखतंय म्हणून सुलक्षणा डॉक्टरकडे गेली, तिथून दुसऱ्या डॉक्टरकडे, आणि त्यानंतर तिने काहीच शिवलं नाही.

ती गेल्यावर, घरात कुणी नसताना, तो स्टुलावर चढून पार्सल खाली घ्यायचा आणि टाक्यांवरून बोट फिरवायचा. आंधळ्या माणसाने वाचावं तसं. आत पुस्तक आहे हे तो विसरूनच जायचा. उभी हयात ज्या कागदांत घातली ते आत, आणि हा बाहेरच्या दोऱ्याला कुरवाळत बसलेला. पण ती शेवटची शिलाई होती. पुस्तक हवं असेल तर टाके कापायला हवेत, आणि टाके ठेवायचे तर पुस्तक आत गाडल्यासारखंच. किती दिवस असं करणार? शेवटी दिवाळीनंतर एका सकाळी त्याने पार्सल काखोटीला मारलं आणि आपल्याच पोस्टात, आपल्याच काउंटरसमोर, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहिला. आतून हाका मारत होते, "अहो घाडीगावकर, इकडून द्या ना," पण त्याने ऐकलं नाही. मनाशी ठरवलं होतं ते असं, की दादरला कुठल्यातरी ऑफिसात, कुणी अनोळखी माणूस, कुठल्यातरी कात्रीने ते कापेल. ते आपल्याला बघावं लागणार नाही. सुलक्षणाचे टाके आपल्या नजरेआड तुटतील आणि पुस्तक तेवढं जगात राहील. भित्र्या माणसाची युक्ती, दुसरं काय. आणि आता ते पार्सल एकही टाका न उसवता घरी आलं होतं.

दुपारी त्याच्या इमारतीची पाळी आली तेव्हा पिशवीत बाकी काही उरलं नव्हतं. तो आपल्या दारासमोर उभा राहिला. आतून अक्षताचा आवाज येत होता; त्या दिवशी तिचं काम घरूनच होतं. "हॅलो, येतोय का माझा आवाज? ... हां, शेअर करते स्क्रीन." एक बेल दाबायचा अवकाश. पार्सल आत दिलं की संपलं. मग ते पुन्हा कपाटावर, आणि हा पुन्हा स्टुलावर. नाहीतर कात्री. फोनवर पर्याय आले: दिलं, नाकारलं, पत्ता सोडून गेले, दार बंद. बेलच्या बटणापर्यंत गेलेला हात त्याने खाली आणला. तेवढ्यात शेजारच्या विमलाकाकी पिशवी घेऊन जिना चढून आल्या. "काय रे जयवंता, चावी विसरलास? अक्षता आहे की आत."

"ड्युटीवर आहे, काकी."

"आपल्याच घरी?" म्हणून काकी मान हलवत आपल्या घरात गेल्या. त्याने 'दार बंद' दाबलं. फोनने निमूटपणे मान्य केलं. पार्सल पिशवीत टाकून तो खाली उतरला, आणि मिठागरांकडून येणारं ऊन अंगावर घेत पोस्टाकडे चालायला लागला. लाज वाटली का? वाटली. पण त्यापेक्षा हायसं जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. दार बंद, दार बंद. रोज सकाळी पोस्टमास्तर मॅडम ते न दिलेल्या टपालाच्या ठेवीच्या फळीवरून काढून त्याच्यासमोर ठेवायच्या आणि रोज दुपारी ते परत यायचं. मॅडम वयाने लहान, पण नजर तिखट. "घाडीगावकर, हे तुमचंच ना? मग घेऊन जा की घरी. दार बंद कसलं?"

"रीतसर जाऊ दे, मॅडम."

"रीतसर गेलं तर कुठे जाईल माहितीय ना तुम्हाला?"

माहीत नसायला काय झालं? घेणारा घेत नाही आणि पाठवणाराही सापडत नाही, अशा टपालाचं एक वेगळं ऑफिस असतं. काही दिवस वाट बघायची, मग सगळं तिकडे. पूर्वी त्याला सरळ मेलेल्या पत्रांचं ऑफिस म्हणत, डेड लेटर ऑफिस. पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण त्याच्यावर होतं, आणि खोटं कशाला बोला, तेच सगळ्यांत जमलेलं. तिथे कारकून टपाल उघडतात, आत कुणाचा पत्ता लागतो का बघतात, नाही लागला तर काही काळ ठेवून नष्ट करतात. ते लिहिताना त्याला त्या ऑफिसचं विलक्षण आकर्षण वाटलं होतं. जगात कुठेच न पोचलेला मजकूर एका खोलीत, आणि वाचणारा कोण, तर ज्याचा त्याच्याशी काही संबंध नाही असा पगारी माणूस. आता चालता चालता त्याला वाटायचं, जाऊ दे तिकडेच. तिथला कुणी उघडेल, दोन पानं चाळेल. कदाचित भरतीची वाट बघणाऱ्या डाकवाल्याचं पान त्याच्या हाताला लागेल आणि चहा येईपर्यंत तो वाचेलही. पुढचं त्याला ठाऊक होतं, पण तिथपर्यंत तो विचार जाऊ द्यायचा नाही. उद्या ठरवू, उद्या नक्की ठरवू, असं म्हणत तो संध्याकाळी घरी जायचा, आणि अक्षता जेवताना विचारायची, "काय झालंय तुम्हाला? बरं नाही का?" "काही नाही गं, बीट नवीन आहे," तो म्हणायचा. आपण राहतो तेच बीट नवीन.

मग निलेश जत्रेहून परत आला. येताना खाजं घेऊन आला, सगळ्यांना वाटलं, आपलं बीट आपल्या ताब्यात घेतलं. जयवंत आपल्या नेहमीच्या बाजूला, नवघरकडे गेला. दिवसभर खांदा हलका होता, आणि त्या हलकेपणाचं कारणही त्याने मनाला विचारलं नाही. एका दारात एका म्हातारीने पाकीट तिथल्या तिथे फाडलं आणि तो सही घ्यायला उभा आहे हे विसरून वाचतच राहिली. नातवाचं परदेशातून आलेलं लग्नाचं आमंत्रण. असा चेहरा त्याने नोकरीत कितीदा पाहिला होता. पूर्वी जास्त, आता क्वचित. माणूस उंबऱ्यात उभा असतो पण तिथे नसतो. आपण दिसेनासे होतो. पोस्टमनला कुणी चहा देवो न देवो, तो चेहरा बघायला मिळतो हीच खरी कमाई, असं त्याला नेहमी वाटत आलेलं. आणि त्याच वेळी हेवाही वाटत आलेला. ज्याने ते लिहिलं असेल त्याचा.

संध्याकाळी हिशेब द्यायला तो पोस्टात आला आणि सहज बघितल्यासारखं ठेवीच्या फळीकडे बघितलं. फळी रिकामी होती. गेलं. मुदत भरली, मॅडमनी पाठवून दिलं, गेलं ते त्या ऑफिसात. तो फळीला हात टेकून उभा राहिला. आधी डोळ्यांसमोर आले ते टाके, कोपऱ्यावर दोनदा मारलेले. पुस्तक आठवलं ते नंतर, आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. दोन्ही हवं होतं त्याला. एवढे दिवस उद्या ठरवू म्हणत होता तो खुळा, ठरवायचं काहीच नव्हतं, त्याला दोन्ही हवं होतं, आणि ते होण्यासारखं नव्हतं. मागून निलेशने पाठीवर थाप मारली. "काका, वेडे झालात का तुम्ही? दार बंद काय, अक्षता घरातच होती. दिली मी तिला डिलिव्हरी. सही पण झकास केलीय पोरीने."

"कधी?"

"दुपारीच. का, काय झालं?"

हिशेब तसाच टाकून जयवंत निघाला. मिठागर रोडवर सगळी दुकानं उघडी, भाजीवाल्यांचा गलका, ओळखीच्या दोघांनी हाका मारल्या, त्या त्याला ऐकूच आल्या नाहीत. मनात एकच, तिने ते तसंच कपाटावर ठेवलेलं असू दे. आणि लगेच दुसरं, नको, तसंही नको.

दार उघडंच होतं. अक्षता जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब केलेले, लॅपटॉप मिटून बाजूला सारलेला. भोवती फुलस्केप कागदांचे गठ्ठे. मांजरपाट कॉटजवळ पडला होता, तीन बाजूंनी कापलेला. दोऱ्याचे बारीक बारीक तुकडे सगळ्या लादीवर, आणि लाखेचा चुरा. शेजारी सुलक्षणाची ब्लाउज बेतायची मोठी कात्री. जयवंतला वाटलं आता आपण ओरडणार, पोरीवर आयुष्यात ओरडलो नाही तसं ओरडणार. काय केलंस हे. कुणाला विचारून केलंस. तोंड उघडलं सुद्धा.

"चपला तिकडेच काढा बाबा, पानं आहेत," अक्षता वर न बघता म्हणाली. "आणि घरात मी बसलेली असताना दार बंद? निलेशदादा हसत होता मला. असं काय सोनं आहे म्हटलं आत, तर... थांबा, एवढं होऊ दे."

तो थांबला. तिचं बोट ओळीवरून सरकत होतं. ओठ किंचित हलत होते. बाप दारात उभा आहे, दिवेलागण झालीय, कुकर लावायचा राहिलाय, ह्यातलं तिला काही दिसत नव्हतं. हा चेहरा जयवंतला पाठ होता. हजार उंबऱ्यांत त्याने तो बघितला होता, दुसऱ्यांच्या लिखाणासाठी. त्याच्या लिखाणासाठी तो कुणी धारण केलेला त्याने आज प्रथम पाहिला, आणि उघडलेलं तोंड मिटलं. ओरडलं की हा चेहरा पुसला जाणार होता.

"हा खाडीच्या काठावर बसलेला डाकवाला," ती म्हणाली. "ह्याचं नाव का नाही लिहिलंत?"

"मिळालं नाही कुठे." चपला काढत तो म्हणाला.

"आणि घरी कोण होतं त्याच्या? बायको वगैरे?"

"असेल. कुणी लिहून ठेवलं नाही."

"तुम्हीपण नाही लिहिलंत," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. तिला पुढचं वाचायची घाई होती. जयवंत वाकला. मांजरपाट उचलला, झटकला नाही, आतल्या बाजूने घडी घातली. मग लादीवर बसून दोऱ्याचे तुकडे वेचायला लागला, एकेक, चिमटीने. सांगावं का? तुझ्या आईने शिवलं होतं, तिच्या हातचं शेवटचं, तिच्याच कात्रीने कापलंस. खरं तेच होतं. पण सांगितलं असतं तर तिने पानं खाली ठेवली असती, कात्रीकडे बघितलं असतं, आणि मग ह्या कागदांना तिने जन्मात पुन्हा हात लावला नसता, हे त्याला लख्ख दिसलं. त्याची बायको गेली तशीच तिची आईही गेली होती. तो दोरे वेचत राहिला.

"टाका ते कचऱ्यात, मी झाडते नंतर," अक्षता म्हणाली, आणि उजव्या हाताचा अंगठा चोळत पुढे म्हणाली, "कोणी शिवलं होतं हो एवढं घट्ट? कापता कापता बोटं गेली माझी."

जयवंतने दोऱ्यांची मूठ मिटली.

"पोस्टात देतात शिवून," तो म्हणाला.

"भारी शिवतात," ती म्हणाली, आणि पान उलटलं.